डावीकडचं दार

गाडी गॅरेजात शिरली की मिस्त्री काय करतो? बॉनेट उघडतो. तुम्हीही पाहिलं असेल. आमचा मेस्त तसं करीत नसे. तो आधी डावीकडचं दार उघडायचा, गुडघ्यावर बसायचा, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसतो त्याच्या पायाखालचं मॅट काढून उजेडात धरायचा. मालक म्हणायचा, "मेस्त, आवाज इंजिनातून येतो हो." मेस्त मानसुद्धा वर करायचा नाही. "इंजिन खय पळान जाता? आधी डावीकडच्याचा बघूया."

हाताला कसब असलेल्या माणसाला आमच्याकडे मेस्त म्हणतात. याचं खरं नाव घरच्यांशिवाय कुणी घेतलं असेल असं वाटत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. मूळ दोडामार्गाकडचा. तरुणपणी खाणीच्या कामाला गोव्यात, डिचोलीत आला तो इथलाच झाला. ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक म्हणजे त्याचंच खातं. माझे यजमान खनिजाचा ट्रक चालवायचे, त्यांच्या ट्रकाचे ब्रेकही हाच बघायचा, तेव्हापासूनची ओळख. खाणी बंद पडल्या, ट्रक रस्त्याकडेला गंजत उभे राहिले, तेव्हा याने मयेच्या वाटेवर पत्र्याची शेड घातली. सकाळी चहात उंडा, आमचा गोल पाव, बुडवून खायचा आणि कामाला बसायचा. उंडा संपल्याशिवाय पान्याला हात नाही. पाव आणणारा पदेर उशिरा आला की गिऱ्हाइकं ताटकळायची.

आता माझ्या मुलीचं सांगते. एकुलती एक. पेडण्याकडे एका कारखान्यात नोकरीला आहे. बापाचं गाडीचं वेड तिच्यात उतरलं. बाप गेल्यावर दुसऱ्या वर्षी तिने गाडी घेतली, सेकंडहँड, पण परदेशी बनावटीची, बुटकी, आणि वेग म्हणजे काय विचारू नका. पाय ठेवला की माझी पाठ सीटला चिकटायची. ती हसायची, "आई, ही परफॉर्मन्स कार आहे गो." मी म्हणायचे, "परफॉर्मन्स रंगमंचावर कर. रस्त्यावर मला चोपड्याला पोचव."

चोपड्याला माझी थोरली बहीण असते. दर रविवारी आम्ही दोघी जायचो. म्हापसा, शिवोलीचा पूल, की आलंच. खरं सांगू का, घरात आम्ही मायलेकी फारशा बोलत नव्हतो. यजमान गेल्यापासून घरात बोलायला बसलं की त्यांची खुर्ची मध्ये यायची. गाडीत तसं नव्हतं. दोघींचे डोळे समोर, म्हणून तोंड सुटायचं. पण या नव्या गाडीत माझं बोलणंच बंद झालं. मी नुसती दाराची मूठ धरून. एका रविवारी शिवोलीच्या वळणावर पुढे गाय आली. गाडी थांबली, नाही असं नाही. पण गाईच्या डोळ्यातलं माझं प्रतिबिंब मला दिसलं, इतकी जवळ. दुसऱ्या रविवारी मी बसने गेले. तिसऱ्यालाही. मुलगी आपली गाडी घेऊन एकटीच कुठेतरी जायची आणि एकटीच यायची.

महिन्याभराने म्हणाली, "आई, मी मोठे ब्रेक घालते. मग बसशील?"

किती संध्याकाळी ती फोनवर ब्रेकच बघत बसली होती! मोठ्या डिस्क, त्यांना जाळीसारखी भोकं, त्यांना चिमट्यासारखे धरणारे लाल रंगाचे भलेमोठे कॅलिपर, आणि शर्यतीच्या गाड्यांत घालतात ते पॅड. यादी घेऊन मेस्तकडे निघाली. मी मुद्दाम सोबत गेले. माझ्या मनात वेगळंच होतं. मेस्त एकदा म्हणाला की ही गाडी विकून टाक, तर ती ऐकेल. बापाच्या माणसाचं ती ऐकायची.

मेस्तने यादी हातात घेतली, चष्म्याखाली ठेवली, आणि गेला डावीकडे. दार उघडलं. मॅट काढलं. उजव्या पायाच्या जागी गोणपाटासारखं झिजलं होतं, मध्ये करंगळी जाईल एवढं भोक.

"वयनी, ह्यो पाय तुमचोच मां?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गाडीत बसले की पायाने ब्रेक दाबते, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मुलगी आधी हसली. मग त्या भोकाकडे बघत राहिली आणि हसणं थांबलं.

"बाय," मेस्त म्हणाला, "उजवीकडचो खोटा बोलता असा नाय. तेका कळनाच नाय. ब्रेक खरो लागता तो डावीकडच्याक. चला, फिरान येवया."

मुलगी चालवायला, मी डावीकडे, मेस्त मागे, दोन सीटांच्या मधून मान काढून. मयेच्या तळ्याकडे जो उतार जातो त्यावरून आम्ही चारदा खाली-वर केलं. प्रत्येक वेळी गाडी थांबली की मेस्त मला विचारायचा, तिला नाही. "वयनी, आता कशी लागली?" मी म्हणायचे, "पोटात गोळा आला." "आता?" "गोळा थोडा उशिरा आला." चौथ्या वेळी मी म्हटलं, "आता पायाखाली काहीच नसल्यासारखं वाटलं." मुलगी चमकली. तिच्याही पायाखालचा ब्रेक त्याच वेळी मऊ पडून खोल गेला होता. मेस्तने मागून टाळी वाजवली. "बघ! मशीन लावक नको. वयनी आसत."

शेडमध्ये परत आल्यावर त्याने बाटलीत थोडं ब्रेकचं तेल काढलं. काळं, चहासारखं. मला दाखवत म्हणाला, "ह्या तेल हवेतला पाणी पिता. आपल्याकडे पावसात मीठ पिता ना, तसा. पाणी तापला की वाफ. वाफ दाबून गाडी थांबात?" टायरवर नख मारलं, नख घसरलं, इतकं रबर टणक झालं होतं. रबराच्या नळ्या फुगल्या होत्या त्या दाखवल्या. आणि मग ती मोठी डिस्क. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, मुलीच्या यादीतल्या मापाने कॅलिपरचा आकार कापला, चाक काढून त्याच्या पोटात बसवून पाहिला. पुठ्ठा दुमडला. "मावणा नाय. ब्रेकासाठी मोठा चाक व्हया, मोठ्या चाकासाठी टायर. बाय, तुका गाडी थांबवची आसा की परत विकत घेवची आसा?"

मुलगी हट्टाने म्हणाली, "निदान शर्यतीचे पॅड तरी घाला, काका. ते कितीही तापले तरी धरतात."

"धरतत. तापल्यावर." मेस्तने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "पण सकाळी सात वाजता घरातून भायर पडतंस, थंड गाडी, आणि फुड्यात म्हस. ती म्हस काय, जरा पॅड तापांदे म्हणान रवतली? दहावो ब्रेक शर्यतीत लागता. आपल्याक लागता तो पयलो."

मी तिथे ओट्यावर बसले होते. आता म्हणेल, आता म्हणेल, गाडी विकून टाक म्हणून, याची वाट बघत. शेवटी मीच म्हटलं, "मेस्त, त्यापेक्षा गाडीच नको, असं सांगा ना तिला."

मेस्तने हात पुसले, मुलीकडे पाहिलं. "वयनी, चेडू गाडी चलवतला. ही नाय तर दुसरी. मग थांबणारी तरी असांदे."

तर ठरलं ते असं. आधी नवे टायर. मग रस्त्यावरच्या जलद गाड्यांसाठी असतात ते पॅड, थंडीतही चावणारे. नवं तेल, स्टीलच्या जाळीच्या नळ्या. डिस्क जुन्याच मापाच्या, साध्या, बिनभोकाच्या. मुलीचा चेहरा एवढासा झाला. आठवड्याने गाडी आणायला गेलो तर चाकांच्या आतून जुनेच कॅलिपर लालभडक चमकत होते. उष्णतेला टिकणारा रंग आणून त्याने स्वतःच्या हाताने रंगवले होते. "रंगान गाडी थांबणा नाय," मेस्त म्हणाला, "पण चेडू हासता."

चेडू हसलं खरं.

नव्या पॅडना डिस्कशी ओळख करून द्यावी लागते म्हणे. त्यासाठी तो आम्हाला जुन्या खाणीच्या रस्त्यावर घेऊन गेला. जिथे एकेकाळी ट्रकांच्या रांगेतून मुंगी गेली नसती, तिथे आता गवत वाढलंय. "धाव. हळू हो. थांबू नको. परत धाव." असं दहा-बारा वेळा. करपल्याचा वास आला, मग गेला. गाडी आता दोरीने ओढल्यासारखी हळू व्हायची. पोटात गोळा नव्हता. पण मेस्तने वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. माझा उजवा पाय अजून दाबतच होता.

तो पुन्हा मागे टेकला. मग मुलीला म्हणाला, "बाय, तुझ्या बापाशीच्या ट्रकात ट्रायलीक मी ह्याच बाजूक बसायचंय. हेच रस्त्यार. भरलेलो ट्रक, उतार, आणि माझो पाय एक दिस हल्लो नाय. तेचे ब्रेक काय सोन्याचे नव्हते. मीच घातलेले. पण तो ब्रेक दाबायच्या खूप आधी रेसवरचो पाय उचली. लांबसून बघी." तिच्या सीटवर थाप मारून म्हणाला, "माझा काम सपला. रवला ता तुझा."

वाचकहो, सत्तावीस वर्षं मी त्या माणसाचा डबा भरला, पण तो ट्रक कसा चालवायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी त्याच्या शेजारी बसलेच नव्हते. मेस्तने मला त्या दिवशी बसवलं. मुलगी गाडी चालू करून निघाली. वळण दिसलं, अजून चांगलं लांब होतं, आणि तिने पाय उचलला. गाडी आपणहून मंद झाली. मी खिडकीबाहेर बघत होते, आणि मी बाहेर बघतेय हे माझं मलाच नवल वाटलं.

निघताना मेस्तने डावीकडे नवं मॅट घातलं. "ह्या माझ्याकडसून," म्हणाला. "परत भोक पडला तर माझ्याकडे येव नको. हिच्याशी भांड."

भांडायची वेळ आली नाही. रविवार पुन्हा सुरू झाले. चोपड्याच्या वाटेवर आम्ही काय काय बोललो ते इथे सांगत नाही, पण तिच्या बापाबद्दल पहिल्यांदा मोकळेपणी बोललो ते शिवोलीच्या पुलावर.

मेस्त गेल्या गणेशचवथीनंतर गेला. गुडघे आधीच गेले होते, मग तोही. शेडच्या जागी आता फरशांचं दुकान आहे. गाडी आम्ही म्हापशाच्या गॅरेजात नेतो. परवा नेली, चोपड्याहून परतताना. तिथला मिस्त्री सरळ बॉनेटला हात घालू लागला.

"थांबा," मुलगी म्हणाली. ती फिरून डावीकडे आली, दार उघडलं आणि गुडघ्यावर बसली. मॅटवर, नेमकं माझ्या उजव्या पायाच्या जागी, बहिणीने दिलेल्या चाफ्यातलं एक फूल पडलं होतं. चोपड्यापासून तिथेच होतं. एकही पाकळी चुरगळली नव्हती.