झाकरीचं चौथं कडवं

व्हॅनिलाच्या चहाचा वास आला की मला हिंजवडीच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. तो चहा माझी सहकारी शीला मॉरिशसहून आणायची. तिचे पणजोबा कोकणातून तिथे ऊसमळ्यांत मजुरीला गेले होते. त्यांनी सोबत नेलेलं झाकरी नाचाचं एक गाणं आता फक्त तिच्या बाबांना येत होतं, आणि बाबा तिकडे मॉरिशसच्या दवाखान्यात अत्यवस्थ होते.

"मी फोन धरते, तू लिही," म्हणत तिने फोन स्पीकरवर टाकला. बाबा धापा टाकत गात होते. चौथ्या कडव्यात आवाज थांबला.

"बाबा, पुढे काय? बाबा!"

पलीकडून तिच्या भावाचं रडणं ऐकू आलं.

"उरलेलं कोकणात मिळेल गं," मी किती सहज म्हणालो होतो! नंतर आम्ही गावोगाव विचारत हिंडलो. ते गाणं तिथे कुणी ऐकलंही नव्हतं.