उत्तरेच्या गोलपोस्टजवळची ओल

माझ्या मामाचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो म्हणून सगळे त्याला चुनेकाका म्हणतात. सत्तावीस वर्षं झाली. गवत कापायचं, पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा आणि सामन्याच्या सकाळी दोरी ताणून रेषा मारायच्या. "आयुष्यभर चुना लावला, पण फसवलं कुणालाच नाही," असं तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

क्लबनं त्याला राहायला पूर्वेच्या स्टँडखाली दोन खोल्या दिल्या होत्या. प्रेक्षक बसतात त्या पायऱ्या म्हणजेच त्यांचं छत, त्यामुळे स्वयंपाकाच्या ओट्याशी मामीला वाकूनच उभं राहावं लागे. आपला गोल झाला की वर हजारो माणसं एकदम उठत आणि खाली भांड्यांत माती पडे. सामन्याच्या दिवशी मामी सगळ्यावर झाकणं घालून ठेवायची. त्या वर्षी ती म्हणाली, "इथले तीन सामने झाले, झाकणं नुसती धुतेय."

परगावचा एक धरून चार सामने, चार हार. अकरा गोल खाल्ले, एक केला, आणि तोही समोरच्या संघाच्या माणसानं चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. गावाला दुसरा विषय उरला नव्हता. मी औषधाच्या दुकानात काम करते. तापाची गोळी घ्यायला आलेला माणूससुद्धा आधी कोचला चार शिव्या घालायचा आणि मग गोळी मागायचा.

हे सगळं मामाच्या मागे लागलं, त्याची सुरुवात सलूनमध्ये झाली. सोमवारी सकाळी तो दाढीला बसला होता. न्हावी, निवृत्त पोस्टमन आणि एक वायरमन, असे तिघं नेहमीचे.

"कोच बदला," पोस्टमन म्हणाला. "म्हातारा झालाय. बाकावर बसून पेंगतो."

"कोच काय मैदानात उतरून पळणार आहे का?" न्हावी म्हणाला. "कीपर बघा कीपर. चेंडू येतो डावीकडून, हा पडतो उजवीकडे. त्याला पोत्यात घालून गोलमध्ये टांगलं तरी जास्त अडवेल."

वायरमन कमी बोलणारा माणूस. तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "मी मोजलंय. आपल्या मैदानावर तीन सामन्यांत सात गोल खाल्ले. त्यातले पाच उत्तरेच्या टोकाला. पाचही वेळा कीपर घसरला. दक्षिणेला एकदाही नाही. माणूस वाईट असेल तर दोन्हीकडे वाईट असेल ना? तिथली जमीन कुणी बघितलीय का?"

वस्तरा मामाच्या गळ्यावर होता. न्हावी म्हणाला, "काका, गिळू नका. कापेल."

पोस्टमन हसला. "अहो, जमिनीचे मालक इथंच बसलेत. काय हो काका, जमीन कशी आहे?"

"जमीन चांगली आहे," मामा म्हणाला.

जमीन चांगली नव्हती, आणि हे जगात फक्त मामाला माहीत होतं.

उन्हाळ्यात उत्तरेच्या गोलपोस्टसमोर जमिनीखालचा पाण्याचा पाइप सांध्यावर फुटला होता. प्लंबर बोलावला असता तर त्यानं गोलपुढची सगळी जागा उखडली असती. मामानं तिथं नुकतंच नवं गवत धरलं होतं, पोटच्या पोरासारखं जपलं होतं. ते उखडायला त्याचा जीव होईना. त्यानं हातभर खड्डा घेतला, सांध्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली, तारेनं बांधली, माती लोटली आणि क्लबच्या मॅनेजरला सांगितलं, काम झालं. महिनाभर ते टिकलं. मग थेंबथेंब पाणी सुटायला लागलं. वर गवत हिरवंगार, दृष्ट लागावी असं, आणि खाली लोणी. नुसतं चालून कळायचं नाही. जोर देऊन उडी मारायला गेलं की पाय सुटायचा.

पहिल्या सामन्यात कीपर घसरला तेव्हाच मामाला कळलं होतं. पण तोवर गोल झाला होता, हार झाली होती. आता सांगायचं तरी काय तोंडानं? त्यानं तिथं वाळू टाकली, पाणी देणं थांबवलं आणि आपोआप सुकेल म्हणून वाट बघत बसला.

सोमवारी संध्याकाळी कोचच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. मंगळवारी कीपरच्या बायकोला भाजीच्या दुकानात कुणी रांगेत उभं राहू देईना. ती रिकाम्या पिशवीनं परत गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मामाला सांगितलं तेव्हा तो गवत कापायच्या मशीनच्या पात्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही, पण धार लावायचं थांबला.

बुधवारी दुपारी कीपर एकटाच मैदानावर आला. तिशीचा असेल, उंच, खांदे पडलेले. बराच वेळ उत्तरेच्या गोलसमोर उड्या मारत राहिला. मग मामाजवळ येऊन बसला.

"काका, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"माझ्या पायाला काहीतरी झालंय. दुसरीकडे उडी मारतो तेव्हा ठीक असतं. इथं आलो की डावा पाय जागच्या जागी निसटतो. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पाय ठणठणीत आहे. म्हणजे मग डोक्यातच असणार. रात्री झोप लागत नाही. बायको म्हणते, सोडून दे खेळ. तुम्ही इतकी वर्षं खेळाडू बघताय. असं होतं का कुणाचं?"

मामानं मला हे पुढं कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी इथं येऊन अडकायचा. "सगळं तोंडाशी आलं होतं गं. आणि म्हणालो काय, तर बूट बदलून बघ."

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मामीनं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. ती म्हणाली, "उद्या मॅनेजरना सांगा. जे व्हायचं ते होऊ दे. असं कुढत बसलात तर तुम्हीच जाल."

मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं, उठून केबिनचं दार लावलं आणि परत खुर्चीत बसला.

"तुम्ही मला काही सांगितलं नाही आणि मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "रविवारी आपण कीपरला बाहेर बसवतोय. लोकांना एक माणूस मिळाला की ते थंड होतात. मोसम संपला की पाइप बदलून घेऊ."

"पण त्याची चूक नाही, साहेब."

"मग कुणाची, ते सांगू का लोकांना? कोचच्या दाराचं काय झालं बघितलंत ना? तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली वॉचमन आहे. तुम्ही कुठं राहता? स्टँडखाली. तुमच्या दाराची कडी तरी नीट लागते का?"

तो हे अगदी हळू, काळजीनं विचारावं तसं बोलला. मामा म्हणतो, ओरडला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये संघाच्या चाहत्यांची सभा होती. त्या दुपारी मामानं पाण्याचा मुख्य नळ बंद केला, फावडं घेतलं, गोलपुढचं गवत चौकोनी कापून अलगद बाजूला ठेवलं आणि खड्डा खणून ती रबराची पट्टी बाहेर काढली. पिशवीत घालून माझ्या दुकानात आला. "माझ्याबरोबर येशील का? नुसती शेजारी बस," म्हणाला. मालकाला सांगून मी त्याच्याबरोबर निघाले.

हॉलमध्ये दोनेकशे माणसं होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठमोठे बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू आलं असतं. कोच, कीपर, मॅनेजर, कमिटी, एकेकाचं नाव निघत होतं आणि दर नावाला आवाज चढत होता. शेवटी पुढच्या बाकावरचा एक धिप्पाड माणूस उठला. बाजारात तो मासळीच्या पेट्या उतरवतो. "इथं बोलून काय होणार?" तो म्हणाला. "कीपरचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. आत्ताच जाऊ आणि विचारू, पैसे खाल्लेस का म्हणून."

बाकं सरकली. पंचवीस-तीस जण उठले. माझ्या शेजारून मामा कधी उभा राहिला, मला कळलंच नाही.

"कीपरकडे जायचं कारण नाही," तो म्हणाला. पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. मग त्यानं पिशवीतून ती पट्टी काढून वर धरली. तिच्यातून अजून चिखल गळत होता. "पाइप फुटलाय उत्तरेच्या गोलपुढं. मी हे बांधलं होतं. मला माहीत होतं. तो घसरतो ते माझ्यामुळं."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काकांनी आपल्यालाच चुना लावला." लोक हसले. असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यात कुणालाच गंमत वाटत नव्हती.

"मी सोमवारीच म्हणालो होतो," वायरमन म्हणाला.

"आणि परगावी चार गोल खाल्ले, तिथंही यांचीच नळी फुटली होती का?" पोस्टमननं विचारलं. त्यावर दोन बाजू पडल्या आणि मामाच्या डोक्यावरून पुन्हा भांडण सुरू झालं. तेवढ्यात मासळीवाल्यानं येऊन मामाची कॉलर धरली. नुसता धरून उभा राहिला. न्हावी मध्ये घुसला, त्याचा हात सोडवला आणि आम्हाला मागच्या दारानं बाहेर काढत पुटपुटला, "सरळ घरी जा. मागं बघू नका."

दिवे लागत होते. अर्ध्या वाटेवर पावलं ऐकू आली. चार-पाच जण असावेत. आम्ही भरभर चाललो की तेही भरभर. बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं मी थांबले, तर तेही थांबले. मामा म्हणाला, "तू घरी जा." मी गेले नाही. खरं सांगायचं तर एकटीनं परत फिरायची हिंमत नव्हती.

मामीनं दार लावलं. कडी खरंच नीट लागत नव्हती, म्हणून आम्ही तिघांनी कपाट ओढून दाराला लावलं. दिवा मालवला. बाहेर कुणी दार वाजवलं नाही. मग आवाज वरून आला. ते स्टँडवर चढले होते. आमच्या डोक्यावर, पायरी पायरीनं, कुणीतरी सावकाश चालत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. नंतर सगळे एका जागी थांबले आणि एकदम पाय आपटायला लागले. अंधारात माझ्या केसांत, मानेवर माती पडत होती. मामीनं पदर तोंडात धरला होता. मामा भिंतीला टेकून बसला होता. तो सारखा म्हणत होता, "मला बाहेर जाऊ दे, मग तुम्हाला काही करणार नाहीत." आम्ही दोघी त्याचे हात धरून बसलो.

अर्धा तास चाललं असेल. मग थांबलं. ते गेले की नुसते बसले, हे कळायला मार्ग नव्हता. आम्ही पहाटेपर्यंत हललो नाही.

सकाळी दारावर थाप पडली तेव्हा मामीनं कपाटाला पाठ लावून धरली. बाहेर कीपर होता आणि बरोबर त्याचा मेव्हणा, प्लंबर, हत्यारांची पेटी घेऊन. कीपर आत आला नाही.

"बूट बदलून बघ म्हणालात," तो मामाला म्हणाला. "दोन दिवसांत तीन जोड बदलले मी."

"हो," मामा म्हणाला.

"आणखी कुठं आहे असं?"

"नाही. एकच."

"नक्की?"

"नक्की. पण आता तू माझ्यावर का विश्वास ठेवावास?"

कीपरनं मेव्हण्याला खड्ड्याकडे नेलं. मेव्हण्यानं पाइप जोडला. मामानं खडी आणि वाळू भरली, गवताचे चौकोन जागच्या जागी बसवले. सभेची बातमी गावभर झाली होती, त्यामुळे कीपरला बसवायचं धाडस मॅनेजरला झालं नाही.

रविवारी तो खेळला आणि एकदाही घसरला नाही. तरी आपण एक-शून्यनं हरलो. गोल दक्षिणेच्या टोकाला झाला, बचावपटू बघत उभा राहिला म्हणून. सोमवारी सलूनमध्ये पोस्टमन पुन्हा कोचला म्हातारा म्हणू लागला आणि न्हाव्याला आता बचावपटू मिळाला. पाइपचा विषय कुणी काढला नाही. जणू तो विषय नव्हताच.

क्लबनं मामाला काढलं नाही. जमिनीखाली कुठून काय जातं, हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही. खोल्या मात्र त्यानं स्वतः सोडल्या. दोघं आता माझ्याकडे राहतात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मामी पुन्हा हसायला लागलीय. मामा सलूनमध्ये जात नाही, घरीच दाढी करतो. रस्त्यानं चालताना मागून कुणी आलं की बाजूला होऊन त्याला आधी पुढं जाऊ देतो. मासळीवाला आता त्याला भेटला की नमस्कार करतो. मामा नमस्कार परत करतो, आणि त्यानंतर बराच वेळ त्याचा हात खिशातून बाहेर येत नाही.

कीपर अजून त्याच्याशी बोलत नाही. सरावाआधी तो गोलसमोरची सगळी जागा टाचेनं दाबून बघतो, वीतवीत. मामा दूर, रोलरच्या दांड्याला धरून उभा असतो आणि त्याची टाच कुठं थांबते का, ते बघत राहतो.