हेवी ड्युटीवालं मशीन

दुकानदार महागाची वस्तू गोड बोलून दाखवायला लागला की मी पदर कमरेला खोचून तयार होते. आमच्या ह्यांनी रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या प्लांटमधून वेळेआधी रिटायरमेंट घेतली आणि नव्या राजधानीतल्या ऑफिसांसमोरची लॉनं कापायचा ठेका घेतला. ठेका टिकवायचा तर गवत कापायचं, बसून चालवायचं मशीन पाहिजे होतं. हाताशी होता तो रिटायरमेंटचा पैसा. तो बुडाला की संपलंच!

दुकानात दोन मशीनं उभी होती, एक साधं, एक हेवी ड्युटी. दिसायला सख्खी भावंडं, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. दुकानदार साध्याकडे बघायलाच तयार नाही. "भाभीजी, ये वाली लीजिए. नई राजधानी की जमीन धान के खेतों की है, मेड़ें अभी भी नीचे दबी हैं. हल्की मशीन बहुत उछलेगी."

वा रे वा! भातखाचरांचे बांध खाली गाडलेले म्हणे, हलकं मशीन उसळेल म्हणे! पण आमचा ठेका नव्या राजधानीत आहे हे ह्याला कोणी सांगितलं? मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं.

रायपुरात आम्हा मराठी माणसांची एक जुनी सोय आहे. भाव हिंदीत विचारायचा आणि दुकानदाराच्या तोंडावरच त्याची उणीदुणी मराठीत काढायची. मी सुरू झाले. "हा चोट्टा आपल्याले टोपी घालून राहिला! तुम्ही काहून गप्प?"

"हळू बोल ना," हे पुटपुटले.

"हळू काहून? त्याले काय समजते! मधात कोणीतरी कमिशनवाला आहे, माझं लिहून ठेवा."

दुकानदाराने हातातलं फडकं खाली ठेवलं. "वहिनी, माझी आई तुमसरची आहे. सारं समजते मले."

धरणीमायनं पोटात घ्यावं असं झालं. पण आता माघार कशी घ्यायची? "मग मराठीतच सांगा," मी म्हटलं, "मधात कोण आहे?"

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे महागाच्या मशीनच्या सीटवर हात ठेवून उभे होते.

"भाऊ परवा एकटेच आले होते," दुकानदार म्हणाला. "दोन्ही मशीनं मागच्या मैदानात चालवून पाहिली. साध्यावरून उतरता येईना, कंबर धरून बसले. ह्या मोठ्याच्या सीटखाली दमदार स्प्रिंग आहे, ते चाललं त्यांना. म्हणाले, मी बायकोले आणतो, तुम्हीच समजवा. फक्त कमरेचं नाव घेऊ नका."

म्हणजे माझा संशय सोळा आणे खरा होता. मधात होता तो माझाच नवरा! असा राग आला की दुकान डोक्यावर घ्यावं.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू ठेकाच सोडायले लावला असता," हे म्हणाले. "मग घरी बसून काय करू? मरायची वाट पाहू?"

ठेका सोडायला लावला असता, यात खोटं काहीच नव्हतं. मी साडी सावरून आधी साध्या मशीनवर चढले, मग मोठ्यावर, आणि दोन्हींवर जोर देऊन बसून पाहिलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बघत राहिली. बघोत!

"हेच द्या," मी दुकानदाराला म्हटलं. "आणि भाव नीट लावा, आई तुमसरची असली म्हणून मी घासाघीस सोडणार नाही."

"महाग आहे, अजून विचार कर," हे म्हणाले.

"तुम्ही चूप बसा. आणि दुखलं की मलेच सांगायचं, दुकानदाराले नाही. मी काम सोडा म्हणणार नाही."

शेवटचं वाक्य माझ्या अगदी जिवावर आलं होतं, पण बोलले.