अण्णांच्या फोटोला हार नाही

आमच्या अण्णांच्या फोटोला हार नाही. आणि घालायचाही नाही.

आज त्यांची पुण्यतिथी. सकाळी फोटो टाकला, लगेच दोघांनी विचारलं, "ताई, हार विसरलात का?"

विसरले नाही. ऐका.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मोडनिंबहून सोलापुरात आले आणि कापडगिरणीत मागावर उभे राहिले. एकोणीसशे तीसनंतरचा तो काळ. कामगारांनी त्यांना म्युनिसिपालटीवर निवडून दिलं.

दिवसा माग, संध्याकाळी मीटिंग.

मीटिंगमध्ये त्यांचं एकच टुमणं. "सायबाला पेन्शन हाय, कारकुनाला हाय. मागावरच्या माणसानं म्हातारपणी काय लाकडी धोटा चघळायचा?"

सगळे हसायचे. विषय पुढच्या मीटिंगला.

मग अण्णांची नजर अधू झाली. तुटलेला धागा दिसेना. आणि नेमकं तेव्हाच गिरणीवाल्यांचं प्रेम उतू गेलं!

सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ, हार. मॅनेजर भाषणात म्हणाले, "अण्णा आमच्या घरचेच आहेत."

त्याच आठवड्यात मेंबरकीची मुदत संपली. म्युनिसिपालटीतही सत्कार. दुसरा हार.

अण्णा लई खूश. घरी येऊन आजीला म्हणाले, "बघ, किंमत हाय आपल्याला. आता काय तरी सोय करतीलच की."

आजी विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या हाराखाली काय हाय, बगितलं का?"

सोमवारी अण्णा नेहमीसारखे भाकरी बांधून गिरणीच्या गेटवर गेले.

रखवालदाराने आडवा हात केला. "अण्णा, तुमचा सत्कार झाला न्हवं? मग आता कशाला आलाय?"

अण्णांना वाटलं, चेष्टा करतोय.

मॅनेजर बाहेर आले. "तुम्ही मेंबर माणूस. तुमचं म्युनिसिपालटी बघेल."

तिथून तडक म्युनिसिपालटीत. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही गिरणीतले जुने. गिरणी बघेल. आणि मेंबरला कसली हो पेन्शन? मेंबर म्हणजे जनतेचा सेवक."

"सेवकाला पोट नसतंय व्हय?"

उत्तरादाखल चहा आला. अण्णांनी घेतला नाही. तेव्हापासून फुकटच्या चहावरचाही त्यांचा विश्वास उडाला तो कायमचा.

घरी आले तर आजीने दोन्ही हार शेळीपुढे टाकलेले.

"ऱ्हाऊ द्या," आजी म्हणाली, "कुणाच्या तरी पोटात गेलं."

पुढे घर चाललं ते आजीच्या विड्यांवर. मला आठवतात ते अण्णा असे: उंबऱ्याशी बसलेले, बोटांनी चाचपत विडीची पानं कापणारे. गल्ली त्यांना शेवटपर्यंत 'मेंबर'च म्हणायची. ते ओ द्यायचे नाहीत.

कुणी फुलं घेऊन दारात आलं की ते आधी विचारायचे, "काय काढून घ्यायला आलाय?"

लग्नात फेटा बांधायला कुणी जवळ आलं तरी मागे सरकायचे. पाहुणे म्हणायचे, म्हातारा विक्षिप्त आहे.

एकदा मी विचारलंच, "अण्णा, हाराचा एवढा राग का?"

"मागाला हार कवा घालत्यात गं?"

"खंडेनवमीला."

"मग त्या दिवशी माग चालतो का?"

"न्हाय. बंद असतो."

"दरसाल माज्या हातानं मागाला हार घातला. आन् माज्या गळ्यात पडला तवा मला कळलं न्हाय बग."

एवढं बोलून ते हसले. मला नाही हसता आलं.

मीसुद्धा एक टर्म नगरसेविका होते. परवा महापालिकेतून फोन आला. माजी सदस्यांचा सत्कार आहे म्हणे, जरूर या.

मी विचारलं, "आपल्या पेन्शनच्या मागणीचं काय झालं?"

"ताई, ते बघू हो. आधी सत्काराला तर या!"

आवाज इतका गोड, की माझ्या अंगात अण्णाच आले.

म्हटलं, "येते. पण हार खऱ्या फुलांचा आणा. प्लास्टिकचा शेळी खात नाही."

अण्णा, तुम्हाला तुमच्या नातीची मनापासून श्रद्धांजली. फोटो पदराने पुसलाय.

गळा मोकळाच ठेवलाय.