हातपायवाले वकील

वणीत त्यांना सगळे ‘हातपायवाले वकील’ म्हणत. खाणीत पाय गेला, जिनिंगमध्ये हात गेला, की माणूस त्यांच्याकडे. दारात उभं राहिलं की नाव-गाव नंतर, पहिला प्रश्न एकच, “काय जमत नाही?”

मला तो शिवीसारखा लागला. कापसाच्या रोलरमध्ये माझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती, तोरा मात्र शाबूत होता. हात पदराखाली असा झाकायची, की परक्याला वाटावं बाई लाजरी आहे. लाजरी! मी!

“मले सगळं जमते,” मी म्हटलं.

“माहा बाप बी असंच म्हणे,” वकील म्हणाले. बाप कोळशाच्या खाणीत होता. पाय चिरडला, तरी मुकादमासमोर न लंगडता चालून दाखवायचा. लोक लंगडा म्हणतील म्हणून भरपाई मागितलीच नाही. “त्याच्यापायीच हा काळा कोट घातला, बाई. तारखेले लाज घरी ठेव अन् हात घेऊन ये.”

मी दोन्ही घेऊन गेले.

यवतमाळच्या कोर्टात मालकाच्या वकिलानं गोडीनं विचारलं, “ताई, भाकरी कोण थापते?”

“मीच! चांगली गोल!”

थापत होती सासू. मी नुसती खात होते. मालकाचा वकील खुशीत खाली बसला. आमच्या वकिलांनी क्षणभर डोळे मिटले, मग उठले. “बाई, वेणी सोड. आता परत घाल.”

सोडली. पेड काही धरता येईनात. भर कोर्टात मोकळ्या केसांनी मी हुंदके देत उभी. भरपाई मंजूर झाली. मी मात्र वर्षभर त्यांना रामराम घातला नाही. एवढी शहाणी!

मग कैक वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात कळलं, वकिलांना लकवा झाला. भेटायला गेले. खुर्चीत बसलेले, उजवा हात शालीखाली. वणीच्या मे महिन्यात शाल! माझी जीभ कुठली गप्प बसते? “काय जमत नाही, साहेब?”

“सगळं जमते,” म्हणाले आणि भिंतीकडे पाहू लागले.

मी हसणार, तेवढ्यात लक्षात आलं, माझाही हात पदराखालीच आहे. नातवंडांची आजी झाले तरी! कान तापले. हात काढून मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

बराच वेळ त्यांनी तो पाहिला. “वेणी कोण घालते आता?”

“सून.”

“भाकरी?”

“थे बी तीच थापते, साहेब.”

मग त्यांनी शाल बाजूला केली.