वाद्य थकलंय, दाजी

माझा मामा देवमाणूस होता, असं लोक मला अजून सांगतात. मी मान डोलावते. देवाने आमचं नेमकं काय भलं केलं, हे विचारायला कुणी थांबत नाही, आणि मीही आपणहून सांगायला जात नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पितळी वाद्यं दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक लांब टेबल, त्यावर चामडं अंथरलेलं, भिंतीवर उलटे टांगलेले भोंगे, आणि तेल, पॉलिश व पन्नास माणसांची थुंकी यांचा मिळून एक वास. पोचे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चेपलेला भोंगा मांडीवर घेऊन आतून लाकडी गोळा फिरवत तो तासन्‌तास बसायचा. मी त्याच्या हाताखाली काम शिकले. ज्या दुपारची गोष्ट सांगतेय तेव्हा मला तिथे आठ वर्षं झाली होती, आणि सुटलेल्या जोडांना कथलाचा डाग लावायला मामा माझ्याकडेच द्यायचा.

पण त्याचं नाव झालं ते हातामुळे नाही, जिभेमुळे. लोक आपापलं जुनं वाद्य घेऊन यायचे आणि विचारायचे, हे अजून माझ्या कामाचं आहे का? मामा वाद्य बघायचा, वाजवायला लावायचा, आणि निकाल द्यायचा. त्यात त्याचा एक नेम होता. वाजवणाऱ्याचा दोष वाजवणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा नाही. कुणाचे ओठ सैल झालेले असोत, कुणाचा दम संपलेला असो, मामाचं ठरलेलं एकच वाक्य: "वाद्य थकलंय."

"अगं, माणसाला वाद्य बदलता येतं," तो मला म्हणायचा. "तोंड कुठून बदलून आणणार? मग कशाला त्याचा जीव जाळायचा?"

धंद्यातल्या जाणत्या लोकांना हे ठाऊक होतं. आणि सगळ्यांत जास्त ठाऊक होतं माझ्या बाबांना. बाबा शहराच्या वाद्यवृंदात पहिला ट्रॉम्बोन वाजवायचे, शिकवायचेही. एखादा शिष्य काही केल्या सुधारेना, की त्याला ते मामाकडे धाडत. रात्री जेवताना मला विचारत, "काय म्हणाला गं मेव्हणा?" मी मामासारखा चेहरा पाडून म्हणायची, "वाद्य थकलंय." बाबा ठसका लागेपर्यंत हसायचे. मीही हसायची. आई तेवढी म्हणायची, "पाप लागेल तुम्हाला." पण वाढता वाढता तिलाही हसू फुटायचं.

बाबांना छप्पन्नावं लागलं त्या वर्षी त्यांचे वरचे सूर फुटायला लागले. रोज नाही, अधूनमधून. वाद्यवृंदात दर तीन वर्षांनी चाचणी असायची, तीही पडद्याआडून. परीक्षकांना माणूस दिसत नाही, फक्त सूर ऐकू येतो. तिथे नाव नाही, ओळख नाही आणि वयाचा मानही नाही. चार महिने उरले असताना बाबा एका दुपारी पेटी घेऊन दुकानात आले.

"वर्षभर हे वर जाताना फुटतंय," ते मामाला म्हणाले. "नीट बघ. या चाचणीत हे मला निभावून नेईल का, तेवढं सांग."

तो ट्रॉम्बोन बाबांपेक्षाही जुना. त्यांच्या गुरूंकडून आलेला. मुलामा उडालेला, पकडायच्या जागी पितळ झिजून पातळ झालेलं. मामाने सगळे जोड तपासले. मग स्लाइड, म्हणजे ट्रॉम्बोनची एकात एक सरकणारी नळी, उभी धरली, वरची छिद्रं अंगठ्यांनी घट्ट दाबली आणि बाहेरची नळी सोडून दिली. स्लाइड कुठे गळत असेल तर ती नळी घसरते. ही जागची हलली नाही. अंगठे काढले तशी सरसर खाली आली, ती मी झेलली. इतकी धड स्लाइड आमच्याकडे वर्षातून एखादी यायची.

"आता वाजवा," मामा म्हणाला.

बाबांनी वाजवलं. खाली लोण्यासारखं. वर जाताना मात्र ओठाच्या डाव्या बाजूने हवेची बारीक फुसफुस सुटली, आणि माउथपीस दाबल्यावर वरचा पुढचा दात किंचित आत गेला. मी दोन हातांवर उभी होते, मला स्वच्छ दिसलं. मामाने पुन्हा वाजवायला लावलं. तो वाद्याकडे बघतच नव्हता. मग त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, फडकं उचललं, हात पुसले.

"वाद्य थकलंय, दाजी."

मी बाबांच्या हसण्याची वाट पाहिली. वीस वर्षं ते या वाक्याला हसत आले होते. ते हसले नाहीत. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मला वाटतच होतं," ते म्हणाले. "म्हणजे माझ्यात काही नाही ना?"

"तुमच्यात काय असणार!"

मी स्लाइड पुसत राहिले. दुकान मामाचं, निकाल मामाचा, मी कोण मध्ये बोलणारी, असं मनाला समजावलं. मनही लगेच समजलं.

पंधरा दिवसांत बाबांनी ते वाद्य बदल्यात देऊन नवं घेतलं. चकचकीत, रुंद नळीचं, मोठ्या भोंग्याचं. जुनं वाद्य थोडक्या वाऱ्यात बोलायचं. वय झालेल्या, दम कमी पडणाऱ्या माणसाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं मिळालं नसतं. नव्याला दुप्पट हवा लागायची. बाबांकडे ती नव्हती, म्हणून ते माउथपीस आणखी दाबायचे. रोज चार तास, त्याच दातावर. संध्याकाळी ओठ सुजलेला असायचा. आई बर्फ द्यायची, आणि बाबा म्हणायचे, "नवं आहे, जुळायला वेळ लागतो."

चाचणीला गेले ते अर्ध्या तासात परत आले. पेटी दाराशी ठेवली आणि बूट न काढता खुर्चीत बसले. पडद्यापलीकडून मधेच कुणीतरी "धन्यवाद, पुरे," म्हणालं होतं. ज्यांनी म्हटलं ते यांच्याबरोबर बावीस वर्षं बसलेले. त्यांना माहीतच नव्हतं आपण कुणाला उठवतोय.

वाद्यवृंदाने मेहेरबानी केली, बाबांना कागद सांभाळायला ठेवलं. कार्यक्रमाआधी प्रत्येकाच्या स्टँडवर स्वरलेखनाचे कागद लावायचे. पहिल्या ट्रॉम्बोनच्या स्टँडवरही.

दोन महिन्यांनी दात इतका हलायला लागला की जेवता येईना. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एका बोटाने दाबून पाहिलं. "हा तर वर्षापासून सैल असणार. पाचसहा महिन्यांपूर्वी आला असतात तर शेजारच्या दातांना बांधून वाचवला असता. आता काढावाच लागेल."

बाबा तिथून तडक दुकानात आले. गालात कापूस होता.

"तुला कळलं होतं?"

मामाने गोळा खाली ठेवला. "पहिल्याच सुराला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की, दाजी." मामाने फडकं उचललं, हात पुसले. "त्या वाक्याचा अर्थ तुम्हाला नाही ठाऊक तर कुणाला? इतकी माणसं तुम्हीच धाडलीत माझ्याकडे. मला वाटलं, तुम्ही हसाल, मला दोन शिव्या घालाल आणि ओठ-दात दाखवायला जाल. हसला नाहीत, तेव्हा मला पुढे बोलवेना."

बाबा वळले आणि गेले. पुन्हा त्यांनी त्या दुकानाची पायरी चढली नाही. सहा वर्षांनी मामा गेला तेव्हा स्मशानात आले, पण शेवटच्या रांगेत उभे राहिले. मी मामाला कधीच माफ केलं नाही. घरात, नात्यात, जो ऐकेल त्याला मी सांगत आले की त्याच्या गोड जिभेने माझ्या बाबांचं वाटोळं केलं. दुकान आता मी चालवते. लोक येतात, विचारतात, आणि मी तोंडावर खरं सांगते. फटकळ म्हणून माझं नाव झालंय आणि मला त्याचा अभिमान आहे.

मागच्या आठवड्यात बाबा माझ्या घरी बसले होते. आता पूर्ण कवळी आहे. चहा बशीत ओतताना एकदम म्हणाले, "त्या दिवशी तू तिथेच होतीस ना? स्लाइड तूच झेललीस."

"हो."

"तुला कळलं होतं का गं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बशीकडेच बघत होते.

"नाही बाबा," मी म्हणाले. "मला तेव्हा काय कळत होतं!"

"मग बरं," ते म्हणाले. "मला इतकी वर्षं उगाच वाटायचं." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.