किंचितरावांचं सूप

रंगाच्या कारखान्यात त्यांचं काम एकच होतं. पिंपातल्या रंगात पट्टी बुडवायची, खिडकीशी नेऊन उजेडात धरायची आणि म्हणायचं, "किंचित पिवळट." मग अख्खं पिंप पुन्हा ढवळलं जाई. हाताखालच्या पोरांनी त्यांचं नाव किंचितराव ठेवलं, आणि निवृत्तीनंतर ते नाव पेन्शनसारखं घरापर्यंत आलं.

घरी तपासायला रंग नव्हता, सूप होतं. बायको संध्याकाळी भाज्या आणि लाल घेवडा घालून दाटसर, पोटभरीचं सूप करायची. किंचितराव पहिला चमचा खिडकीकडे तोंड करून घ्यायचे, डोळे मिटायचे. "किंचित काहीतरी कमी आहे." काय कमी आहे, हे लग्न झाल्यापासून त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ते माहीत नव्हतं. पण एवढ्यासाठी तपासणी थांबवायची म्हणजे घरात आपली जागा काय राहिली?

मग बायको जिन्यात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. लेक म्हणाली, "मी डबा पाठवते."

"डबा कशाला? रविवारी तूच ये जेवायला. एकदा नीट केलेलं सूप खाऊन बघा मायलेकी!"

बोलून तर बसले. रविवारी त्यांनी बायकोला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची दिली आणि अट घातली, "एक अक्षर बोलायचं नाही."

"अहो, पण..."

"बघ, झाली सुरुवात!"

घेवडा तिनंच डाव्या हातानं आदल्या दिवशी भिजत घातला होता. हे तिनं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं तसे ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गाजराचे तुकडे इतके सारखे केले की कारखान्यात पास झाले असते. मग पातेल्यात पाणी, घेवडा, भाज्या, आणि वरून सगळे टोमॅटो एकदम. असा लाल रंग आला की ते भरून पावले. बायकोचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ती भारावली आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पातेलं उकळत राहिलं. खिडकीच्या काचेवर वाफ चढली आणि बाहेरचं जग पुसलं गेलं. गाजरं विरली, बटाटे ओळखू येईनात. घेवडा मात्र जुन्या रागासारखा तळाशी खडखडत होता.

लेक आली. तिघं जेवायला बसली. पहिल्याच घासाला खोलीत कुडूम असा आवाज झाला.

"बाबा, हे चावायचं की गिळायचं?"

"चव बघ, चव!"

"आई, तू सांग."

आईनं पंख्याकडे पाहिलं. "मला बोलायची बंदी आहे बाई."

किंचितरावांनी चमचा उचलला, खिडकीकडे तोंड केलं, डोळे मिटले. दाढेखाली दाणा आला. काय कमी आहे, ते जन्मात पहिल्यांदा स्पष्ट कळलं, आणि नेमकं तेच सांगवेना. घास गिळून टाकला असता तर निभावलंही असतं. लेक हसून घरी गेली असती, उद्यापासून डबा आला असता. पण लेकीच्या डब्याला नावं ठेवायची कोणत्या तोंडानं?

ते उठले. तिन्ही वाट्या पातेल्यात परत ओतल्या आणि पाठमोरेच म्हणाले, "बोल."

"बंदी उठली?"

"उठली गं. बोल ना आता!"

"आंबट आधी घातलं की दाणा शिजत नाही. टोमॅटो ओतलेत तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही इतके खूश दिसलात."

लेकीनं घाईघाईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"मग आता?"

"थोडं पाणी वाढवा, किंचित खायचा सोडा टाका आणि झाकण ठेवून मुकाट्यानं शिजू द्या."

त्यांनी सोड्याचा डबा शोधला, चमचा भरला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग तसाच चमचा घेऊन ते बायकोच्या खुर्चीपाशी आले आणि हळूच वाकले.

"किंचित म्हणजे किती गं?"